फ्लॉवरनंतरची ज्वारी माना टाकतेय, मटकीनंतरची तग धरून आहे. हे मुळातल्या बुरशीमुळे असू शकतं का?

पाबळ_कोरडवाहू

नमस्कार मंडळी. राहायला हडपसरला, शेती पाबळच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी मी तिकडेच असतो, रोजचं सगळं आईवडील बघतात. प्रश्न रब्बी ज्वारीचा आहे, जरा लांबलाय पण नीट सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून सगळं लिहितो.

रान एकच, मध्ये बांधसुद्धा नाही. खरिपात अर्ध्या रानात मी फ्लॉवर लावला होता, ड्रिपवर, एकरी तीन पोती डीएपी, वर विद्राव्य खतं. उरलेल्या अर्ध्यात वडिलांनी त्यांच्या पद्धतीने बाजरी आणि त्यात मटकी घेतली, शेणखत सोडून काहीच नाही. सप्टेंबरअखेर दोन्हीकडची रानं मोकळी झाली, मग एकाच दिवशी एकाच पाभरीने सगळीकडे मालदांडी ज्वारी पेरली, बियाणं पण एकच. सुरुवातीला फ्लॉवरच्या रानातली ज्वारी अशी काळीभोर आणि उंच की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. परतीचा पाऊस लवकर गेला, थंडी पण कमीच पडली, आणि पीक पोटरीत आलं, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात आलं, तेव्हा सगळं उलटं झालं. फ्लॉवरच्या रानातल्या ज्वारीची पानं सकाळी अकरालाच सुरळी होतात, खालची पानं करपली, मधेमधे खडखड्या रोगाने ताटं लोळायला लागलीत. मटकीच्या रानातली उंचीला कमी आहे पण दुपारी थोडी सुरळी झाली तरी संध्याकाळी पान परत उघडतं. पाणी दोन्हीकडे शून्य.

दोन्हीकडची ताटं उपटून बघितली तर अजून एक फरक दिसला. मटकीच्या रानातल्या मुळांना माती अशी चिकटलेली की मुळाने मातीचा मोजा घातलाय असं वाटतं, झटकली तरी पडत नाही. फ्लॉवरकडची मुळं जवळजवळ उघडी, पांढरी, माती लगेच गळून पडते.

वडील म्हणतात मटकीचा बेवड आहे (आधीच्या पिकाचा पुढच्याला होणारा फायदा), त्यात विचारायचं काय. एक मित्र म्हणतो मायकोरायझा कमी पडलाय, पुढच्या वेळी बाटली आणून ड्रिपमधून सोड. मला खरंच समजून घ्यायचंय की मुळाभोवतीचे जिवाणू-बुरशी पिकाला दुष्काळात मदत करतात म्हणजे नेमकं करतात काय, आणि ते बाटलीतून आणता येतं का ते रानातच तयार व्हावं लागतं.

मुळाशी

दादा, तुम्ही मुळं उपटून बघितलीत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक पानावरूनच निदान करतात. मी मायक्रोबायोलॉजीवाली, पुण्यातच लॅबमध्ये मुळाभोवतीच्या जिवाणूंवर काम करते, घरची शेती नाही पण दुसऱ्यांच्या शेतात बरीच हिंडले आहे. मला जेवढं माहितेय ते सांगते.

आधी फ्लॉवर. जमिनीवरच्या साधारण ७० ते ८० टक्के वनस्पती मुळात एक बुरशी राहू देतात, तीच ती मायकोरायझा. ही सोयरीक फार जुनी आहे, स्कॉटलंडमध्ये रायनी नावाच्या गावाजवळ ४० कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचे जीवाश्म मिळालेत त्यांच्यातसुद्धा ही बुरशी दिसते. ज्वारी, बाजरी, मका, कांदा, सगळी कडधान्यं तिला आत घेतात. पण कोबी-फ्लॉवर-मोहरी-मुळा हे घराणं आणि पालक-बीट हे घराणं तिला घेत नाही. आणि ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही, नुसत्या मातीत बीजाणू किंवा जुन्या मुळांचे तुकडे अशा रूपात पडून राहते. म्हणजे तुमच्या अर्ध्या रानात भर पावसाळ्यात, तिची वाढ सगळ्यात जोरात व्हायच्या दिवसात, तिला थारा देणारं मूळच नव्हतं. बाजूच्या अर्ध्यात बाजरी आणि मटकी दोन्ही तिला मानवणारी पिकं. ज्वारी पेरली तेव्हा एका बाजूला घर भरलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला थोडेफार बीजाणू.

त्यात डीएपी. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, म्हणजे एकरी तीन पोती म्हणजे जवळपास ६९ किलो. कोरडवाहू रब्बी ज्वारीला मध्यम जमिनीत शिफारस हेक्टरी २० किलोची, एकरी आठ किलो धरा. फ्लॉवरने सगळं काही उचललं नाही, बराच स्फुरद ज्वारीला आयता मिळाला. आता गंमत नाही, पण फार विचार करण्यासारखी गोष्ट आहे: झाडाला स्फुरदाची भूक लागते तेव्हा त्याची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन मातीत सोडतात आणि त्याने बुरशीचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे येतात. हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. (टारफुला या परजीवी तणाचं बीसुद्धा याच रसायनाने जागं होतं, आपल्याकडे ज्वारीत आणि उसात तो येतो तो असाच वास काढत.) स्फुरद भरपूर असेल तर झाड हे रसायन सोडतच नाही, बोलावणंच जात नाही. आणि झाडाच्या बाजूने ते बरोबर आहे, कारण बुरशी फुकट काम करत नाही, झाडाने बनवलेल्या कार्बनपैकी ४ ते २० टक्के ती घेते. २०१७ मध्ये तर असंही कळलं की साखरेबरोबर झाड तिला चरबीसुद्धा पुरवतं कारण तिला ती स्वतः बनवता येत नाही. गरज नसताना एवढा खर्च कोण करेल.

आता दुष्काळात ती काय करते. मुळावरच्या केसांपेक्षाही बुरशीचा तंतू बारीक असतो, २ ते १० मायक्रॉन. माती सुकत जाते तसं मोठ्या पोकळीतलं पाणी आधी जातं, बारीक पोकळीतलं उरतं, तिथे मूळ शिरू शकत नाही, तंतू शिरतो. शिवाय काळी जमीन सुकताना आकसते आणि मुळापासून सुटते, मध्ये हवेची फट पडते, तंतू ती फट ओलांडून मातीला धरून राहतात. पाणी ती किती आणून देते यावर वाद आहेत, पण सुकत्या मातीत स्फुरद, जस्त यांची हालचाल थांबते तेव्हा ते आणून देणं आणि मुळाचा मातीशी संबंध टिकवणं, हे पक्कं.

तुम्ही बघितलेला तो मातीचा मोजा, त्याला आम्ही रायझोशीथ म्हणतो. मुळाचे केस, मुळातून सुटणारा चिकट पदार्थ आणि जिवाणूंनी बनवलेला डिंकासारखा थर, यांनी माती धरून ठेवलेली असते. माती सुकायला लागली की बरेच जिवाणू हा डिंक जास्त बनवतात, स्वतःला सुकण्यापासून वाचवायला, आणि त्याचा फायदा मुळाला होतो, मुळाच्या अंगाला लागून ओल जरा जास्त वेळ टिकते. बाजरीच्या वाणावाणात हा थर कमी-जास्त असतो, म्हणजे झाडाचा स्वतःचा पण त्यात वाटा आहे.

अजून एक यंत्रणा सांगते जी मला स्वतःला सगळ्यात आवडते. ताण आला की झाडात इथिलीन वायू वाढतो, तोच जो फळं पिकवतो. मुळात तो वाढला की मुळाची लांबी वाढणं थांबतं, म्हणजे नेमकं खोल जायची गरज असते तेव्हाच ब्रेक लागतो. मुळावरचे काही जिवाणू, स्युडोमोनास वगैरे, इथिलीन ज्यापासून बनतं तो कच्चा मालच खाऊन टाकतात, त्यांना त्यातून नत्र मिळतं. इथिलीन कमी, मूळ वाढत राहतं.

आणि ज्वारीवरच केलेलं एक काम २०१८ मध्ये छापून आलं, कॅलिफोर्नियातल्या शेतात. पाणी तोडलेल्या ज्वारीच्या मुळात जाड भिंतीच्या जिवाणूंचं प्रमाण खूप वाढलं, त्यात स्ट्रेप्टोमायसिससारखे अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया जास्त, पहिल्या पावसाचा मातीचा वास ज्यांच्यामुळे येतो तेच. पाणी परत दिल्यावर वस्ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायला लागली. हा बदल बाजूच्या मातीपेक्षा मुळाच्या आत जास्त होता, म्हणजे माती सुकली म्हणून कोरडं सोसणारे जिवाणू उरले एवढंच ते नाही, झाड आतून काहीतरी बदलतं आणि त्याप्रमाणे आत कोण राहणार ते बदलतं.

पण दादा, तुमच्या रानात हेच झालंय असं मी इथे बसून सांगणार नाही. खोली, निचरा, कडकपणा आधी बघा.

सासवडकर_नाना

ताईंनी छान सांगितलं, वाचून पुष्कळ कळलं. पण मी शेतकरी माणूस, माझं म्हणणं आधी पहार घ्या.

दोन्ही रानात पहार मारा, मुरूम किती खाली लागतो बघा. आपल्या भागात एकाच पट्टीत वरच्या अंगाला हातभर माती आणि खालच्या अंगाला कंबरेएवढी असं सर्रास असतं, तिथे बुरशी आणि बेवड सगळं बाजूला राहतं. दुसरं, फ्लॉवरला बेड पाडायला रोटाव्हेटर किती वेळा फिरवला? ओलीत रोटाव्हेटर मारला की वीतभर खाली तवा बसतो, मूळ तिथवर जातं आणि आडवं वळतं. वर पाणी आहे तोवर काही कळत नाही.

तिसरं म्हणजे जे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि पुढे गेलात. काळीभोर आणि उंच झाली होती ना? रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. फ्लॉवरचं नत्र शिल्लक होतं म्हणून तिने पाला जास्त काढला, पाल्याने ओल महिनाभर आधीच उपसली आणि पोटरीत-निसवणीत लागणारं पाणी संपलं. खडखड्या कधी येतो? नत्र जास्त, दाटी जास्त आणि फुलोऱ्यात ताण, तेव्हाच. मातीत खडखड्याची बुरशी असतेच, ताट आतून अशक्त झालं की ती वर चढते. आम्ही म्हणून ज्वारी लहान असतानाच विरळणी करतो आणि भेगा पडायच्या आत कोळपं घालतो, ओल उडत नाही.

मटकीचा बेवड चांगला हे मात्र शंभर टक्के खरं, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. पुरंदरमध्ये वाटाण्याच्या रानावर पुढचं कुठलंही पीक बघा.

पाबळ_कोरडवाहू

नाना, ताई, दोघांचे आभार. वडिलांना बरोबर घेऊन दोन्हीकडे खड्डे घेतले.

मुरूम दोन्हीकडे जवळपास सारख्याच खोलीवर, कमरेच्या जरा खाली, म्हणजे ते कारण नाही. पण नाना तुमचा तवा सापडला. फ्लॉवरच्या रानात वीतभर खाली कडक थर आहे, सुरी टोचली तर वाकते, आणि ज्वारीची बरीच मुळं त्याच्यावर येऊन काटकोनात वळलीत. काही भेगेतून खाली गेलीत पण थोडी. मटकीच्या रानात असा थर नाही, आणि तिथे एक गोष्ट बघून वडील पण थांबले, मटकीची जुनी सोटमुळं कुजून जी भोकं राहिलीत त्याच भोकांतून ज्वारीची मुळं खाली उतरलीत, एकात एक. भोकाच्या आतल्या अंगाला माती काळसर आणि भुसभुशीत होती.

म्हणजे कारणं तीन-चार एकदम आहेत असं दिसतंय, तवा, पाल्याने उपसलेली ओल, आणि मायकोरायझा कमी पडली असली तर तेही. बुरशीचं मला बघायचं कसं ते कळत नाही, डोळ्याला तर काही दिसत नाही.

कडेला दोन ओळी हरभऱ्याच्या आहेत, त्याच्या मुळावरच्या गाठी नखाने फोडल्या तर मटकीकडच्या आतून गुलाबी निघाल्या आणि फ्लॉवरकडच्या कमी, बारीक आणि आतून पांढरट. हे पण त्याच गोष्टीशी जोडलेलं आहे का?

आणि बाटलीचा प्रश्न तसाच आहे. मित्राने दिलेली बाटली पडवीत ठेवलीय.

मंचर_कृषी

दादा, मी बीएस्सी अ‍ॅग्री, मंचरला निविष्ठांचं दुकान आहे, त्यामुळे हे मी विकतो पण, तरी सरळ सांगतो.

पहिलं काम, ती बाटली पडवीतून उचला आणि सावलीत, थंड जागी ठेवा, पत्र्याखालच्या उन्हात जिवाणू मरतात. मग लेबल वाचा. त्यावर कुठले जीव आहेत, किती आहेत, कधी बनवलं आणि कधीपर्यंत चालतं हे छापलेलं पाहिजे. खत नियंत्रण आदेशात जैविक खतांची मानकं ठरलेली आहेत, उदाहरणार्थ रायझोबियम (कडधान्याच्या मुळावर गाठी करणारे जिवाणू) पावडर असेल तर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू आणि द्रवरूप असेल तर मिलीमागे १० कोटी. नुसतं ‘जादुई वाढ’ लिहिलंय आणि जिवाणूचं नाव नाही अशी बाटली माझ्या दुकानात आली तर मी परत पाठवतो, शेतकऱ्याचा पैसा आहे तो.

मायकोरायझाचं वेगळं, ती बुरशी जिवंत मुळावरच वाढते, जिवाणूंसारखी टाकीत भरून बनवता येत नाही, म्हणून बनवायला महाग. आणि तिला मूळ गाठायचं असतं, म्हणून पेरताना बियाजवळ किंवा रोपाच्या मुळाला लागली तर उपयोग, उभ्या पिकात वरून ओतून फारसं काही होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ५४ शेतांत मक्याला ही बुरशी देऊन बघितली, २०२३ मध्ये निकाल आला. काही शेतांत वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त, काही शेतांत उलट १२ टक्क्यांनी कमी. एकच बुरशी, एकच पीक. आणि कुठे फायदा होणार याचा सगळ्यात चांगला अंदाज खताच्या आकड्यांवरून आला नाही, मातीत आधीपासून कुठल्या बुरशी आहेत त्यावरून आला, रोगकारक बुरशी जिथे जास्त तिथे फायदा जास्त. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा तो विचारतो मग घेऊ का नको, तर माझं उत्तर, रान अनेक वर्षं कोबी-फ्लॉवरखाली असेल, किंवा नवीन मुरूम टाकून रान केलं असेल, किंवा रोपवाटिकेत निर्जंतुक कोकोपीट वापरत असाल तर घ्या. जिथे बाजरी-मटकी-ज्वारी फिरते तिथे ती रानात असतेच.

कडधान्याला बीजप्रक्रिया मात्र मी कुणालाही करायला सांगतो, स्वस्तात पडते. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. पाकीट पिकाप्रमाणे घ्या, हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं, मटकी-मूग-चवळीचं एकाच गटातलं. आमच्याकडे हरभऱ्याला सोयाबीनचं पाकीट लावून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे येतात, पडणार कसा.

नीरा_काठ

मध्येच विचारते, माफ करा. आमचं इंदापूरकडे, उसाचं रान चोपण झालंय, वर पांढरं फुटतं, खोडवा पिवळा-पांढरा पडतो म्हणजे केवडा. एका कंपनीचा माणूस म्हणाला की क्षार खाणारे जिवाणू सोडा, जमीन दोन हंगामात सुधारेल. ताई, असे जिवाणू असतात का?

मुळाशी

ताई, क्षार खाऊन संपवणारा जिवाणू नाही. सोडियम हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते फोडून नाहीसं करू शकत नाही. क्षार सोसणारे जिवाणू असतात, त्यांचा झाडाला फायदा पण होतो, मायकोरायझा असलेल्या मुळात खारट जमिनीत सोडियमच्या मानाने पालाश जास्त जातं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, झाड थोडा जास्त खारटपणा सोसतं. पण क्षार रानाबाहेर जायचे तर पाण्याबरोबर निचऱ्यानेच जाणार. आधी माती तपासा, विद्युत वाहकता ४ च्या वर आणि सामू (pH) साडेआठच्या आत असेल तर नुसती क्षारपड, सामू साडेआठच्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. चोपणला जिप्सम लागतं, किती ते तपासणीवरूनच, क्षारपडला जिप्समचा खर्च वाया. दोन्हीला चर किंवा सच्छिद्र पाइपचा निचरा हवाच. त्यानंतर धैंचा गाडा, तो खारट जमिनीत येतो, त्याच्या मुळावर गाठी पण धरतात, आणि त्या सेंद्रिय पदार्थावर जिवाणूंची वस्ती परत बसते. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि मांजरीला वसंतदादा इन्स्टिट्यूट, उसाचं म्हणून तुम्ही त्यांच्याकडे विचारा. केवडा लोहाचा आहे, आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण विरघळत नाही. गवतवर्गीय पिकं लोह पकडून आणणारं आम्ल मुळातून सोडतात, जिवाणूही तसंच काही सोडतात, पण पाणी साचून मूळ गुदमरलं की हे सगळं बंद पडतं, म्हणून तुमच्याकडे निचरा आधी.

आता पाबळकर दादा तुमच्या गाठी. गुलाबी रंग हा लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, गाठीत प्राणवायू मोजूनमापून पोचवायला. गुलाबी म्हणजे नत्र बांधणं चालू. पांढरट आणि बारीक म्हणजे एकतर मातीत नत्र आधीच भरपूर आहे म्हणून हरभऱ्याने गाठींवर खर्च केला नाही, किंवा पाण्याच्या ताणात गाठी बंद पडल्या. गाठी ताणाला फार हळव्या असतात, सोयाबीनमध्ये तर पानांचं अन्न बनवणं नीट चालू असतानाच नत्र बांधणं आधी कमी होतं. तुमच्याकडे दोन्ही असू शकतं. आणि झाड इथे निवड कशी करतं बघा, २००३ मध्ये सोयाबीनवर दाखवलं गेलं की जी गाठ नत्र देत नाही तिचा प्राणवायू झाड कमी करतं, आतल्या जिवाणूंची वाढ खुंटते. जो काम करतो त्याला खायला मिळतं. बाटलीतून आलेल्या जिवाणूला हाच नियम लागू, वर रानातल्या मुरलेल्या जिवाणूंशी जागेसाठी झगडायचं ते वेगळंच. म्हणून मंचरचे दादा म्हणाले ते मला पटतं, रानात जे आहे त्याला जगायला जागा मिळते का हे आधी बघायचं.

मटकीच्या मुळाच्या भोकांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला फार आनंद झाला. कडधान्यांची मुळं आणखीही काही करतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास दिसलं की तुरीची मुळं असं आम्ल सोडतात ज्याने लोहाला घट्ट धरून बसलेला स्फुरद सुटतो, तो ज्वारीला एरवी मिळत नाही. ते लाल जमिनीतलं, आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरून असतो, तिथे हरभऱ्याच्या मुळातली आम्लं उपयोगी पडतात.

बुरशी बघायची असेल तर अवघड नाही, सूक्ष्मदर्शक लागेल, जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात असतो. बारीक मुळं (केसाएवढी, जाड नको) धुवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची म्हणजे ती पारदर्शक होतात, हातमोजे आणि चष्मा घालून आणि कॉलेजच्या लॅबमध्येच करा, घरी नको. मग धुवून व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळायची, साध्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जास्तीची शाई काढायची. बुरशीचे तंतू आणि मुळाच्या पेशीत झुडपासारखे फुटलेले भाग निळे-काळे दिसतात. दोन्हीकडची प्रत्येकी पुरेशी मुळं घ्या, रानातल्या वेगवेगळ्या जागांवरची, एकाच ताटाची नको. किती टक्के मुळात निळं दिसतं ते मोजा. फ्लॉवरकडे खूप कमी निघालं तर बुरशीचा वाटा आहे, दोन्हीकडे सारखंच निघालं तर नानांचा तवा आणि नत्र हीच मुख्य कारणं.

पाबळ_कोरडवाहू

ताई, कॉलेजात ओळख आहे, मुळं घेऊन जातो.

पुढच्या खरिपाचं असं ठरवतोय, सांगा काही चुकतंय का. फ्लॉवर सोडणार नाही, पैसा त्यातच आहे, पण जागा बदलणार, म्हणजे एकाच अर्ध्यात लागोपाठ नको. माती तपासून घेणार आणि डीएपी त्याप्रमाणेच टाकणार, आपल्या जमिनीला ऑल्सन पद्धतीने स्फुरद बघतात तोच आकडा मागायचा ना? फ्लॉवर निघाल्यावर ज्वारीला खत न देता पेरायचं, विरळणी वेळेवर. तवा फोडायला उन्हाळ्यात रान पूर्ण सुकल्यावर सबसॉयलर. आणि ती बाटली पुढच्या मटकीला पेरताना वापरून बघणार, पण सगळ्या रानात नाही, एक पट्टा तसाच ठेवणार.

मंचर_कृषी

ऑल्सनचाच मागा, बरोबर. बाटली कशाची आहे ते अजून सांगितलं नाहीत. मायकोरायझा असेल तर मटकीला चालेल, रायझोबियम असेल तर गट बघा. मुदत पण बघा, पेरणीपर्यंत जायला अजून वेळ आहे.

सासवडकर_नाना

न टाकलेला पट्टा एक ठेवू नका, तीन ठेवा, रानाच्या वेगवेगळ्या अंगाला, आणि दर पट्ट्याला लागून टाकलेला पट्टा. एकच ठेवलात आणि तो नेमका सखल भागात आला तर पाणी साचल्याचा फरक तुम्ही बाटलीच्या नावावर लावाल. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंटी मारा आणि वडिलांना दाखवून ठेवा, कोळपताना खुंट्या निघतात. मोजायचं कणसाचं आणि कडब्याचं दोन्हीचं वजन, नुसतं हिरवं किती दिसतं ते नको. मटकीनंतर तिथेच ज्वारी घ्या, बाटलीचा असला तर खरा फरक ज्वारीत दिसेल. आणि सबसॉयलर उताराला आडवा चालवा.